चार सॉसेज म्हणजे नेमकं किती चिकन?

वाचकाचं पत्र: माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, शाळेच्या कबड्डी संघात खेळतो. त्याच्या सरांनी ‘प्रोटीन वाढवा’ सांगितल्यापासून सकाळी चार चिकन सॉसेज, दोन ब्रेड आणि टोमॅटो सॉस असा नाश्ता चालू आहे. मुलगी तेरा वर्षांची, गेल्या महिन्यात तिचं हिमोग्लोबिन 10.2 आलं. सासूबाईंना बीपीची गोळी चालू आहे, पण संध्याकाळचं सलामीचं सँडविच त्यांनाही आवडतं. मी पावणेसातला घर सोडते, त्यामुळे पाकीट सोयीचं पडतं. माझं म्हणणं, चिकन ते चिकन. पाकिटातलं काय नि दुकानातून कापून आणलेलं काय. यजमान म्हणतात, सगळं बंद कर, त्याने कॅन्सर होतो. सॉसेज आधी उकळून ते पाणी टाकून दिलं तर चालेल का? आणि नणंद गोव्याहून चोरिस, म्हणजे तिकडचं डुकराचं सॉसेज, आणते, त्याचं काय करायचं?

ताई,

तुमचं निम्मं बरोबर आहे आणि यजमानांचंही निम्मं. पण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुमच्या दोघांच्या वादात कुठेच नाही. ती आहे मुलीच्या हिमोग्लोबिनची. तिच्याकडे येतेच, आधी मुलाची ताटली बघू.

पाकीट उलटं करा आणि पोषणाचा तक्ता वाचा. बाजारातल्या साध्या चिकन सॉसेजमध्ये 100 ग्रॅमला साधारण 11 ते 14 ग्रॅम प्रथिनं, 14 ते 18 ग्रॅम चरबी आणि 700 ते 1000 मिलिग्रॅम सोडियम असतं. कंपनीगणिक आकडे थोडे इकडे-तिकडे होतात, म्हणून हिशेबाला मधले धरू: 12 ग्रॅम प्रथिनं, 16 ग्रॅम चरबी, 850 मिलिग्रॅम सोडियम. 250 ग्रॅमच्या पाकिटात आठ सॉसेज निघाली, तर मुलाच्या चार सॉसेजचं वजन 125 ग्रॅम. त्यातून त्याला मिळतात 15 ग्रॅम प्रथिनं, 20 ग्रॅम चरबी आणि सुमारे 1060 मिलिग्रॅम सोडियम. दोन ब्रेडचं अडीचशे आणि चमचाभर टोमॅटो सॉसचं दीडशे मिलिग्रॅम धरा. शाळेची पहिली घंटा व्हायच्या आत पोरगा साडेचौदाशेच्या घरात पोचतो. मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा आहे 2000 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे 5 ग्रॅम मीठ, एक सपाट चहाचा चमचा. जेवणं दोन्ही अजून व्हायचीयत.

आता तीच 15 ग्रॅम प्रथिनं कातडी काढलेल्या ब्रेस्ट पीसमधून घ्यायची म्हटली तर कच्चं मांस लागतं फक्त 65 ग्रॅम. त्यात चरबी जेमतेम दोन ग्रॅम आणि मांसाचं स्वतःचं सोडियम 35-40 मिलिग्रॅम. अर्थात घरचं चिकन काही आपण अळणी खात नाही. किलोला 10 ग्रॅम मीठ लावलं, तर या 65 ग्रॅममध्ये अडीचशे मिलिग्रॅमची भर पडते. तरीही एकूण तीनशेच्या आत. म्हणजे तेवढ्याच प्रथिनांना सॉसेजमध्ये साडेतीनपट सोडियम आणि दहापट चरबी.

तेव्हा चिकन ते चिकन खरं, पण पाकिटात चिकन किती आहे हा प्रश्न उरतो. सॉसेज कसं बनतं ते कळलं की आकड्यांचं कोडं सुटतं. मांस, कोंबडीची कातडी किंवा चरबी, बर्फ आणि मीठ एका वेगाने फिरणाऱ्या पात्यांच्या भांड्यात इतकं बारीक फिरवतात की त्याची पेस्ट होते. बर्फ यासाठी की घर्षणाने मिश्रण तापून चरबी वितळू नये. मीठ केवळ चवीला नसतं. ते मांसातली प्रथिनं विरघळवतं, ती चिकट होतात, आणि त्या चिकट जाळ्यात पाणी आणि चरबी अडकून राहते. वरून स्टार्च, सोया प्रथिन आणि फॉस्फेट घालतात, तेही पाणी धरून ठेवायलाच. स्वस्त मालात अख्ख्या मांसाऐवजी हाडांच्या सापळ्यावरून यंत्राने खरवडून काढलेला लगदा असतो. आपण पैसे देतो त्यात पाणी, कातडी आणि पीठ यांचा वाटा मोठा, आणि मीठ कमी केलं तर सगळं सुटून येईल म्हणून ते कमी करणंही कारखान्याला अवघड.

पैशाचंही बघा. 250 ग्रॅमच्या पाकिटात एकूण 30 ग्रॅम प्रथिनं. एक किलो बोनलेस ब्रेस्टमध्ये 220 ते 230 ग्रॅम. म्हणजे एक किलो बोनलेस बरोबर साडेसात पाकिटं. तुमच्या गल्लीतला आजचा भाव घालून तुम्हीच गुणाकार करा.

इथे जिमच्या तक्त्यांमुळे होणारा एक घोळ सांगून ठेवते. ‘100 ग्रॅम चिकनमध्ये 31 ग्रॅम प्रोटीन’ असं लिहिलेलं असतं, ते शिजवलेल्या ब्रेस्टचं. कच्च्यात 22-23 ग्रॅमच. शिजताना पाणी जाऊन किलोचं साधारण पाऊण किलो होतं. प्रथिनं वाढत नाहीत, फक्त दाटतात. वजन कच्चंच करा आणि हिशेबही कच्च्याचाच ठेवा. हाडासकट करी कट घेतलं तर त्यातलं जवळजवळ तिसरा हिस्सा वजन हाडाचं, हेही धरा.

मुलाला मुळात किती हवं? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार 13 ते 15 वयाच्या मुलाला दिवसाला सुमारे 45 ग्रॅम प्रथिनं पुरतात. सहा चपात्यांतून 18, दोन वाट्या आमटी किंवा उसळीतून 14, दोन पेले दुधातून 12-13 आणि दोन अंड्यांतून 12. सत्तावन्न तर इथेच झाले. तो रोज घाम गाळून खेळतो, वजन 55 किलो आहे आणि किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम द्यायचं ठरवलं, तरी 70 ते 82. वर 100 ग्रॅम कच्च्या चिकनची भर घातली की काम झालं. सरांना सांगा, डाएट चालू आहे. प्रोटीन पावडरच्या डब्यावर खर्च करायची गरज नाही.

आता यजमानांचा मुद्दा. ऑक्टोबर 2015मध्ये फ्रान्समधल्या लिऑनच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत, जी जागतिक आरोग्य संघटनेचाच भाग आहे, 10 देशांचे 22 तज्ज्ञ बसले आणि त्यांनी प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होण्याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींच्या गटात. तंबाखूही त्याच गटात आहे. त्यावरून ‘सॉसेज म्हणजे सिगारेट’ असे संदेश फिरायला लागले, ते चूक. गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. धोक्याचा आकडा असा: रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शक्यता न खाणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे 18 टक्क्यांनी जास्त. शंभरातल्या अठरा जणांना होतो असा याचा अर्थ नाही. शंभरात पाच जणांना एरवी झाला असता, तर सहाच्या आसपास. तुमचा मुलगा मात्र रोज 50 नाही, 125 ग्रॅम खातोय, आणि पंधराव्या वर्षी सवय लागतेय. काळजी त्या ‘रोज’ची करा. वाढदिवसाला कुणाच्या घरी दोन सॉसेज खाल्ली म्हणून काही बिघडत नाही.

प्रक्रिया केलेलं म्हणजे काय, यात सगळ्यांचा गोंधळ होतो. मीठ मुरवून, आंबवून, धुरी देऊन किंवा असंच काही करून चव आणि टिकाऊपणा वाढवलेलं मांस: सॉसेज, सलामी, हॅम, बेकन. कोंबडीचं असलं तरी व्याख्येत बसतं, जरी अभ्यास बहुतेक डुकराच्या आणि गोमांसाच्या पदार्थांवरचे असले तरी. नुसता खिमा करणं किंवा गोठवणं ही या अर्थाने प्रक्रिया नाही. फ्रीझरमधलं साधं चिकन ब्रेस्ट बिनदिक्कत घ्या. फक्त घटकांच्या यादीत ‘चिकन’ या एका शब्दापलीकडे काही नको. पाणी, मीठ, फॉस्फेट लिहिलेलं असेल तर ते टोचून वजन वाढवलेलं मांस आहे. नगेट्सवर ब्रेडचा कोट असतो, चिकनचा वाटा पुष्कळदा निम्म्याच्या आसपास. मसाला लावून तयार मिळणारे टिक्का-कबाब मधल्या जागेत पडतात, त्यांचा निकाल सोडियमच्या आकड्यावर.

घटकांच्या यादीत आयएनएस 250 (आयएनएस म्हणजे खाण्यात मिसळायच्या रसायनांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) दिसलं तर ते सोडियम नायट्राइट. सलामीचा तो गुलाबी रंग त्याचाच. घरी शिजवलेलं मांस करडं-पांढरं होतं, सलामी गुलाबीच राहते. नायट्राइट उगाच घालत नाहीत. बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणाऱ्या जंतूला ते रोखतं. पण पोटात आणि कडक आचेवर त्यापासून नायट्रोसो संयुगं तयार होऊ शकतात, आणि कर्करोगाशी संबंध जोडला जातो त्यातला हा एक धागा. म्हणून घरात पाकीट असलंच, तर काळे डाग पडेस्तोवर तव्यावर खरपूस करू नका. उकळून पाणी टाकण्याबद्दल विचारलंत. थोडं मीठ उतरतं, चव बरीच उतरते, चरबी आणि प्रथिनांचं प्रमाण फारसं सुधारत नाही. एवढा खटाटोप करायचा तर त्या वेळात अंडी उकडून होतात.

पाकीट घ्यायचंच झालं तर दुकानात उभ्या उभ्या हे करा. ‘पर सर्व्ह’चा रकाना सोडून द्या, कारण तिथे पुष्कळदा दोनच सॉसेज धरलेली असतात; ‘प्रति 100 ग्रॅम’ वाचा. मग सोडियमला प्रथिनांनी भागा. वरच्या सॉसेजचं उत्तर 70च्या वर, मीठ लावलेल्या घरच्या चिकनचं 20च्या आत. चाळिसाच्या वर गेलं की ठेवून द्यायचं, हा माझा ढोबळ नियम आहे, सरकारी नाही. ‘हाय प्रोटीन’ हे समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेलं वाचूच नका.

आता मुलगी. तेरा वर्षांच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12च्या खाली असेल तर रक्तक्षय, आणि 8 ते 10.9 म्हणजे मध्यम स्वरूपाचा. 10.2 ला ‘खाण्यातून भरून काढू’ म्हणू नका. डॉक्टरांकडे न्या, लोहाच्या गोळ्या लागतील. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी प्रतिबंधासाठी असते; उपचाराचा डोस वेगळा, तो डॉक्टरच ठरवतील. जंतांचं औषध कधी घेतलं होतं आणि पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हे दोन प्रश्न ते विचारतील, उत्तरं तयार ठेवा. गोळी चहा-दुधासोबत नको, लिंबूपाण्यासोबत चालेल.

ताटातून मदत मात्र नक्की होते, आणि इथेच ब्रेस्ट पीसचं कौतुक थांबतं. ब्रेस्टमध्ये प्रथिनं भरपूर, पण लोह 100 ग्रॅमला एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. बोकडाच्या मटणात अडीच ते तीन. कोंबडीच्या कलेजीत नऊच्या आसपास. तिला दिवसाला 30 मिलिग्रॅमची गरज सांगितली आहे, त्यापुढे तीन हा आकडा छोटा दिसतो. पण मांसातलं लोह पालेभाजी-बाजरीतल्यापेक्षा कितीतरी सहज अंगी लागतं, आणि त्याच ताटातल्या भाकरीतलं, भाजीतलं लोहही सोबत ओढून घेतं. बाजरीची भाकरी, मटण, कांदा आणि वर पिळलेलं लिंबू हे ताट तिच्यासाठी म्हणूनच उत्तम. जेवणानंतर तासभर चहा नको. आठवड्यातून दोनदा 100-100 ग्रॅम मटण आणि एकदा 50 ग्रॅम कलेजी-पेटा पुरे. कलेजीत अ जीवनसत्त्व खूप असतं म्हणून ती रोज नको, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिच्यासाठी डॉक्टरांना विचारूनच.

मटणाला ‘चरबीचं’ म्हणून लोक उगाच घाबरतात. बोकडाची चरबी मुख्यतः पोटात आणि गुर्द्याभोवती साठते, मांसाच्या धाग्यांमध्ये फार कमी. मागच्या मांडीचं, म्हणजे ‘रान’चं मटण, वरची पांढरी चरबी काढून घेतली तर 100 ग्रॅमला दोन ते चार ग्रॅम चरबी आणि वीस ग्रॅम प्रथिनं. सीना आणि चाप चवीला सरस, पण चरबीही तिथेच. मटणवाल्याकडे ‘मिक्स द्या’ म्हटलंत की सीना, चरबी, नळी सगळं येणार, म्हणून ‘रान द्या, वरची चरबी काढा’ असं स्पष्ट सांगा. खिमा हवा तर आधी मांस दाखवायला सांगा, मग तो तुमच्यासमोरच यंत्रातून काढायला लावा. तयार ढिगातल्या खिम्यात काय आहे ते फक्त त्यालाच ठाऊक.

आणि दुकानात वाचवलेली चरबी घरी कढईत परत ओतू नका. तेलाची एक पळी, साधारण 15 मिली, म्हणजे 14 ग्रॅम चरबी. अर्धा किलो मटणाला चार पळ्या तेल आणि वरून वाटीभर सुकं खोबरं घातलं, की कमी चरबीचं मटण घेतल्याचा उपयोग तवंगात गेला. दोन पळ्यांत फोडणी होते. रस्सा आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवला तर वर पांढरा थर गोठतो, तो चमच्याने उचलून टाका. चवीला काही होत नाही, उलट मुरलेला रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतो.

खरा प्रश्न पावणेसातचा आहे, हे मला दिसतंय. सॉसेजची जागा घेणारी वस्तू तितकीच पटकन तयार व्हायला हवी, नाहीतर पुढच्या सोमवारी पाकीट परत येईल. रविवारी एक तास द्या.

एक किलो बोनलेस ब्रेस्ट अख्खे आणा, तुकडे करून नको. नळाच्या धारेखाली धुऊ नका. कच्च्या कोंबडीवरचे जंतू ओट्यावर, भांड्यांवर उडतात. धुवायचंच तर खोल पातेल्यात, आणि मग सिंक साबणाने घासा. जाड भाग लाटण्याने ठेचून सगळीकडे सारखे दोन सेंटिमीटर करा. 10 ग्रॅम मीठ म्हणजे दोन सपाट चहाचे चमचे, 100 ग्रॅम बांधलेलं दही, दोन मोठे चमचे आलं-लसूण, हळद, मिरपूड चोळून फ्रीजमध्ये कमीत कमी एक तास, रात्रभर उत्तम. मीठ आत मुरलं की मांस शिजताना पाणी कमी सोडतं. मग जाड तव्यावर दोन चमचे तेल, मध्यम आचेवर एक बाजू चार मिनिटं, उलटवून दोन चमचे पाणी शिंपडा, झाकण, मंद आच पाच-सहा मिनिटं. गॅस बंद, झाकण पाच मिनिटं तसंच. तवा लहान असेल तर दोन-तीन घाण्यांत करा; गर्दी केली की भाजण्याऐवजी उकडतं. आत 74 अंश तापमान हवं. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड जागी चीर देऊन बघा: पाणी स्वच्छ, गुलाबी छटा नाही, काचेसारखा चकाकणारा भाग नाही.

बहुतेक घरांत ब्रेस्ट बिघडतो तो कुकरमध्ये. त्यात चरबी नाही, जोडणारे चिवट धागेही फार नाहीत, त्यामुळे जास्त शिजवून मऊ होण्यासारखं काही उरत नाही. सत्तर अंशांपुढे धागे आवळतात आणि पाणी बाहेर पिळतात. कुकरमध्ये तापमान 120च्या जवळ जातं. दोन शिट्ट्यांत त्याचा दोरा होतो. पोरं मग ‘चिकन कोरडं लागतं, सॉसेज दे’ म्हणतात, त्यात त्यांची काय चूक. तेवढं लक्ष देणं जमणार नसेल तर मांडीचं बोनलेस घ्या. चरबी चार-पाच ग्रॅम, प्रथिनं 19-20, आणि पाच मिनिटं जास्त शिजलं तरी माफ करतं.

गार झाल्यावर धाग्यांना आडवे काप करा, उभे केले तर चावायला चिवट. तासाभरात फ्रीजमध्ये. तीन दिवसांचं खाली, बाकीचं 75-75 ग्रॅमच्या चपट्या पिशव्यांत फ्रीझरमध्ये. अशा एका पिशवीत 22 ग्रॅम प्रथिनं. लागेल ती पिशवी आदल्या रात्री खालच्या कप्प्यात उतरवा, ओट्यावर नाही. सकाळी तव्यावर वाफा निघेपर्यंत गरम, चपातीत दही-पुदिन्याची चटणी, कांदा, लिंबू, गुंडाळी. सात मिनिटांत होते. घरीच खायला द्या. डब्यात दिली तर पहिल्या मधल्या सुट्टीत संपली पाहिजे. दुपारपर्यंत दप्तरात ठेवलेलं मांस मे महिन्यात धोक्याचं.

मुलाला सॉसेजचा आकारच आवडत असेल, तर तोही करता येतो. मांडीच्या बोनलेसचा अर्धा किलो खिमा, 5 ग्रॅम मीठ, आणि आधी हे दोनच तीन-चार मिनिटं कणकेसारखं मळा, हाताला चिकट लागेपर्यंत. कारखान्यातलीच युक्ती, फक्त मीठ मोजून. मग एक मध्यम कांदा बारीक चिरून घट्ट पिळून, दोन मोठे चमचे डाळ्यांचं पीठ, आलं-लसूण-मिरची, कोथिंबीर. ओल्या हाताने 40 ग्रॅमचे लांबट गोळे, पंधरा होतात. इडलीपात्रात 12 मिनिटं वाफवा, गार करून गोठवा. सकाळी चमचाभर तेलावर फिरवून घेतले की झालं. एकात सात ग्रॅम प्रथिनं, सोडियम दीडशे-एकशे साठ मिलिग्रॅम. पाकिटातल्या एका सॉसेजमध्ये पावणेचार ग्रॅम आणि 265. गोळे फुटले तर कांद्याचं पाणी राहिलं किंवा मीठ शेवटी घातलं. दगड झाले तर खिमा ब्रेस्टचा होता किंवा डाळ्यांचा हात सैल सुटला.

सासूबाईंचं सलामी सँडविच मात्र पहिलं थांबवा, त्यांच्या बाबतीत ‘कधीतरी’ची सूट मी देणार नाही. चार काप सलामी, दोन ब्रेड, एक चीज स्लाइस: नऊशे मिलिग्रॅम सोडियम एका बशीत, आणि रात्री ताटात लोणचं-पापड असणारच. त्याच सँडविचमध्ये रविवारच्या चिकनचे पातळ काप, घट्ट दही आणि मिरपूड घाला. सुकी मासळी वरच्या प्रक्रिया केलेल्या मांसाच्या व्याख्येत येत नाही, पण खारवलेल्या बांगड्याचं मीठ त्यांच्या हिशेबात येतंच. आणि कुणी ‘लो सोडियम’ मीठ सुचवलं तर आधी डॉक्टरांना विचारा. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते रक्तात धोकादायक वाढू शकतं. मूत्रपिंडाची तक्रार असेल तर चिकन-मटण किती खायचं हेही त्यांनाच ठरवू द्या.

राहता राहिली नणंदेची चोरिस. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून माळा आणत असतील, तर त्या फेकायला मी सांगणार नाही. मीठ, व्हिनेगर, मिरची, लसूण लावून वाळवलेलं किंवा धुरी दिलेलं डुकराचं मांस, म्हणजे व्याख्येने प्रक्रिया केलेलंच. पण गोव्यातली जुनी बाई ती मांस म्हणून नाही, मसाला म्हणून वापरते. महिन्यातून एकदा, चौघांना 70-80 ग्रॅम पुष्कळ. वरचं आतड्याचं आवरण सोडवून मांस कोरड्या कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटं परता, तेलाचा थेंब नको. सुटलेली लाल चरबी दोन चमचे ठेवून बाकी काढा, त्यात तीन कांदे, एक बटाटा आणि दोन वाट्या भिजवलेला तांदूळ घालून पुलाव करा. मुलीच्या ताटात लिंबू, सासूबाईंना त्या दिवशी घावणे आणि अंडं. मीठ घालायचं ते भात शिजल्यावर, चाखून. बहुतेक वेळा लागत नाही.